आल्फीच्या आधी सही

मिल बंद झाली मार्चमध्ये, आणि ऑगस्ट उजाडला तरी आम्ही तेवीस जण कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर नुसते उभे होतो. यात कॉलेजचा दोष नव्हता, सरकारचाही नव्हता. दोष आमच्या सवयीचा होता, आणि चाळीस वर्षांची सवय ही सवय राहत नाही, तिचा धर्म होतो.

मी लिझेट थेरियो, वय बावन्न. नदीकाठच्या पेपर मिलमध्ये बावीस वर्षं तपासणीच्या खोलीत काढली. दर दोन तासांनी मशीनवरून कागदाचा पट्टा यायचा. तो मी ताणून, फाडून, ओला करून, उजेडात धरून बघायचे आणि आकडा लिहायचे. आकडा वाईट आला तर अख्खा रोल परत लगद्यात जायचा, म्हणून मोठमोठे मिशीवाले माझ्या तोंडाकडे बघत उभे असायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. नवरा रेआल जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी ॲरिझोनात असते, दर रविवारी फोन करते आणि तिकडच्या उन्हाबद्दल सांगते. बाकी माझं जे काही होतं ते मिलमधल्या जेवणाच्या लांब टेबलाशी होतं. घरीही टेबल आहे, पण त्याला बसणारी एकच. मिल बंद झाल्यावर मी उभ्यानंच जेवायला लागले, ओट्यापाशी, रेडिओ लावून.

सरकारनं सांगितलं, मिलच्या माणसांची कॉलेजची दोन वर्षांची फी आम्ही भरू. अट एकच, वीस ऑगस्टपर्यंत कोर्स निवडून नाव नोंदवायचं. उशीर झाला तर फी ज्याची त्यानं भरायची. कॉलेज म्हणजे हायवेच्या कडेला तीन बसक्या इमारती, पूर्वी तिथे बटाट्याचं शेत होतं. पुस्तिकेत मात्र एकतीस कोर्स होते. काही दोन वर्षांच्या डिग्रीचे, काही वर्षाच्या सर्टिफिकेटचे, काही तर सोळा आठवड्यांत हातात कागद देणारे. वेल्डिंग होतं, बेकरी होती, विजेच्या खांबांवर चढायचं काम होतं, दाताच्या डॉक्टरच्या हाताखालचं होतं. आयुष्यात मला कुणी एकतीस गोष्टींतून एक निवड असं सांगितलं नव्हतं. मिलमध्ये आले तेव्हा एकच दार उघडं होतं, आत शिरले.

कोर्स निवडायला मदत करणारी मुलगी होती ब्रेना, अठ्ठावीस वर्षांची, पोर्टलंडहून आलेली. स्वभावानं चांगली, पण माझ्याशी जरा सावकाश आणि मोठ्यानं बोलायची.

"लिझेट, तुम्ही हे सोळा आठवड्यांचं बघा," ती म्हणाली. "रक्त काढायला शिकवतात. ख्रिसमसपर्यंत मोकळ्या. हॉस्पिटलात लगेच काम."

"आणि काढलेलं रक्त तपासतं कोण?"

"ती वेगळी माणसं. लॅब टेक्निशियन. ती दोन वर्षांची डिग्री आहे, केमिस्ट्री असते, गणित असतं." ती जरा थांबली. "जागा बाराच आहेत."

"म्हणजे माझ्यानं होणार नाही म्हणतेस."

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. थांबलीस."

ती लाल झाली. मला तिची दया आली, पण माझं ठरलं ते तिथेच. बावीस वर्षं दुसऱ्यांनी आणून दिलेला पट्टा मी तपासला होता. आता पट्टा काढून दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि दाराबाहेर उभं राहायचं? मला ती खुर्ची हवी होती, तो सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि माझ्या आकड्याची वाट बघणारं कुणीतरी हवं होतं. चोपन्नाव्या वर्षी डिग्री मिळेल, तर मिळू दे. चोपन्न तर मी तशीही होणारच होते.

आता सवयीचं सांगते. मिलमध्ये नवी जागा निघाली की घड्याळाशेजारी एक कागद लागायचा. सात दिवस तो तिथे राहायचा. ज्याला ती जागा हवी त्यानं नाव लिहायचं, पण क्रमानं. आधी सगळ्यात जुना, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. जुन्याला नको असेल तर तो आपल्या नावाच्या जागी आडवी रेघ मारायचा, की पुढच्याचा हात मोकळा. वरच्यानं सही किंवा रेघ केल्याशिवाय खालच्यानं पेन उचलायचं नाही. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. एकदा लेव्हेक नावाच्या एका नव्यानं रांग मोडून सही केली, तर दुसऱ्या दिवशी त्याचा जेवणाचा डबा टेबलाला खिळ्यांनी ठोकलेला सापडला, आतल्या सँडविचसकट. तो मिल सोडून गेला तरी ती चार भोकं टेबलात होतीच.

बिचाऱ्या ब्रेनाला हे कुठून ठाऊक असणार? तिनं आमच्या सोयीसाठी म्हणून प्रत्येक कोर्सचा एक कागद छापला, खाली मोकळ्या रेघा ठेवल्या आणि कॉरिडॉरमधल्या बोर्डावर लावून टाकला. ज्याला जो कोर्स हवा त्यानं तिथे सही करायची, जागा संपल्या की कागद काढून घेणार. आम्ही तेवीस जण बोर्डासमोर जमलो, कागदांकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या त्या आल्फीकडे.

आल्फी गॅन्यन, त्रेसष्ट वर्षांचा, चव्वेचाळीस वर्षं मिलमध्ये. आमच्या रांगेत पहिला. मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा. त्यानं उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच क्लबात बिअर पिताना जाहीर केलं होतं, की आपण विजेच्या कामाचा कोर्स घेणार. त्याची बायको तेरेझ चर्चच्या पायरीवर भेटेल त्याला हे सांगत होती. आता तो कागदांकडे बघत उभा होता. त्यानं टोपी मागे सरकवली.

"बघू," तो म्हणाला. "घाई कसली आहे?" आणि पार्किंगकडे निघून गेला. मग आम्हीही गेलो.

पहिला आठवडा असाच गेला. दुसरा गेला. शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरं यायची, कानातली वायर न काढता बोर्डावर लफ्फेदार सही करायची आणि जायची. त्यांना कसली रांग नि कसलं काय. लॅबच्या बारा जागांच्या नऊ राहिल्या, मग सहा, मग चार. मी रोज सकाळी वीस मैल गाडी हाकत जायचे, बोर्ड बघायचे आणि परत यायचे. ब्रेनाला वाटलं, मिलच्या लोकांना शिकायचंच नाहीये. तसं ती कुणाशी तरी फोनवर बोलताना मी ऐकलं. आमचं घोडं कुठे पेंड खात होतं, ते तिला सांगून कळलं असतं का?

जिनेट बुशार माझ्या शेजारी बावीस वर्षं जेवली होती. ती रांगेत सातवी, मी एकोणिसावी. तिला बेकरीचा कोर्स हवा होता. बोर्डापाशी एकदा मी तिला गाठलं.

"जिनेट, अगं तू तरी लिही. बेकरीच्या दोनच राहिल्यात."

"माझ्या वर सहा जण आहेत."

"त्या सहातल्या कुणाला बेकरी हवीय? रोसेरला? त्याला अंडं फोडता येत नाही."

"मग रोसेरनं रेघ मारावी. त्यानं मारली की मी लिहिते."

"आणि रोसेर का मारत नाही?"

"आल्फीनं लिहिलं नाही ना अजून." माझ्या डोक्यावर काही परिणाम झालाय की काय, अशा नजरेनं ती माझ्याकडे बघत होती. "लिझेट, मिल गेली. आपण पण गेलो का?"

तिचं चुकत होतं असं मला वाटेना. रांग म्हणजेच आम्ही होतो, दुसरं काही उरलंच नव्हतं.

अठरा तारखेला, सोमवारी, मी आल्फीच्या घरी गेले. तेरेझ बहिणीकडे गेली होती. तो मागच्या अंगणात हिवाळ्याची लाकडं रचत होता. मी काही न बोलता हातमोजे घातले आणि त्याच्याबरोबर रचायला लागले. आमच्याकडे बोलणं असंच सुरू करतात. अर्धी रास झाल्यावर मी म्हटलं, "आल्फी, परवा शेवटची तारीख. माझ्या कोर्सच्या दोन जागा उरल्यात. तू एकदाची सही कर रे बाबा. नाहीतर रेघ मार."

तो लाकडं रचत राहिला.

"मी गेलो होतो तिथे," तो म्हणाला. "जुलैत. परीक्षा घेतात ना ती, कॉम्प्युटरवर, कोर्सच्या आधी. पोरीनं मला खुर्चीत बसवलं. मी पाच मिनिटं बसलो, मग बाहेर येऊन ट्रकमध्ये बसलो. तासभर."

"अवघड होती?"

"मला वाचता येत नाही, लिझेट."

मी हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"नाव लिहिता येतं. आकडे येतात. चौथीतून बापानं काढून जंगलात नेलं, तेव्हा जे थोडंफार येत होतं तेही गेलं. घरचं सगळं तेरेझ वाचते. मिलमध्ये कागद लागला की कुणी ना कुणी बोलायचंच, आल्फी, अमकी जागा निघाली. मी जाऊन सही करायचो." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "चव्वेचाळीस वर्षं कुणाला कळलं नाही."

"मग सांग ना, मी आता रिटायर होतो. रेघ मार आणि मोकळा हो."

"आणि सगळ्या गावाला सांगून बसलोय त्याचं काय? तेरेझनं पोराला कळवलंय, त्यानं मला कंबरेचा पट्टा पाठवलाय, अवजारं लावायचा." त्यानं कपाळ पुसलं. "रोज सकाळी उठतो आणि म्हणतो, आज जाऊन रेघ मारीन. पण रेघ मारली की पहिला प्रश्न, का मारलीस. नाही जमत."

"बावीस माणसांची फी बुडेल, आल्फी."

"माहीत आहे मला." आणि मग, आणखी दोन ओंडके रचल्यावर, "कुणाला सांगू नकोस."

मी नाही सांगणार म्हटलं. मग विचारलं, "मी तुझ्या आधी सही केली तर?"

त्यानं एक ओंडका उचलला, उलटसुलट करून पाहिला, राशीत बसवला. "तुझं तू बघ," तो म्हणाला.

घरी येताना गाडीत मला रडू आलं. त्याच्यासाठी आलं की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता यायचं नाही. सत्य सांगितलं तर बाकी सगळे सुटले असते आणि त्या माणसाची चव्वेचाळीस वर्षं एका संध्याकाळी धुळीला मिळाली असती. गप्प बसले तर माझी खुर्ची जाणार. तिसरी वाट एकच होती, आणि त्या वाटेवर माझ्याबरोबर कुणी येणार नव्हतं.

एकोणीसला सकाळी बोर्डासमोर सात-आठ जण होते, जिनेटही होती. लॅबच्या कागदावर एकच रेघ मोकळी होती. मी पर्समधून पेन काढलं. सही वळणदार आली. मी वळले तेव्हा जिनेट माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

"आल्फीच्या आधी," ती म्हणाली. "तुला लाज नाही वाटली?"

"वाटली," मी म्हटलं.

"बावीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. मी पेन पर्समध्ये टाकलं आणि बाहेर आले.

मग जे झालं ते मला वाटलं होतं तसंच झालं. रांग एकदा मोडली की मोडली. एकोणिसावीनं लिहिलं तर आम्ही काय मूर्ख म्हणून बसायचं? रोसेरनं त्याच दुपारी वेल्डिंगला सही केली. जिनेटला बेकरीची शेवटची जागा मिळाली. वीस तारखेला चार वाजेपर्यंत आल्फी सोडून सगळ्यांची नावं लागली. सगळ्यांची फी वाचली, आणि त्यातल्या एकानंही मला माफ केलं नाही. हे मला फार विचित्र वाटायचं आधी. आता वाटत नाही. ज्याच्यामुळे आपण आपल्याच नजरेतून उतरतो त्याचं तोंड आपल्याला बघवत नाही.

सप्टेंबरात वर्ग सुरू झाले. माझ्या वर्गात बाकीचे अकरा विशीतले. सभ्य पोरं, मला "मॅडम" म्हणायची आणि शेजारची खुर्ची रिकामी सोडून बसायची. जेवायच्या वेळी कॅन्टीनच्या खिडकीजवळ मिलच्या लोकांचं टेबल भरायचं. वेल्डिंगवाले, बेकरीवाले, सगळे एकत्र. जिनेट सकाळी भाजलेले पाव आणायची आणि वाटायची. वास माझ्यापर्यंत यायचा. मी पाठ करून बसायचे आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडायचे. पहिल्या परीक्षेत मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. घरी येऊन कुणाला सांगावं म्हणून फोन उचलला, रविवार नव्हता, ठेवून दिला.

ऑक्टोबरात आम्हा लॅबवाल्यांनाही रक्त काढायचा सराव लागला. प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं, त्याच्या हातावर पहिली सुई. कुणाची आई आली, कुणाचा मित्र. मी यादी करायला बसले, माझ्या हातात आपला हात कोण देईल. यादीत एकही नाव आलं नाही. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनीच बाही वर केली. "मला सवय आहे," त्या म्हणाल्या. शीर मला पहिल्याच झटक्यात मिळाली. त्यांनी शाबासकी दिली आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी चर्चच्या तळघरात बीन्सचं सामुदायिक जेवण होतं. दर महिन्याला असतं. मी घरी भाजलेली गोड पाई घेऊन जायचे, कोपऱ्यातल्या विधवांच्या टेबलाशी जेवायचे आणि लवकर निघायचे. त्या दिवशी हरणांच्या शिकारीला आलेल्या बाहेरच्या लोकांनी हॉल भरला होता. ताट घेऊन मी उभी राहिले. अख्ख्या हॉलमध्ये एकच जागा मोकळी होती, मिलच्या टेबलाशी, जिनेटच्या शेजारी. टेबलाच्या टोकाला आल्फी आणि तेरेझ बसले होते.

मी तिकडे गेले. कुणी सरकलं नाही.

"काय गं," जिनेट म्हणाली, "इथेही आमच्या आधी बसायचंय का?"

दोघंतिघं हसले. माझ्या हातातलं ताट जड व्हायला लागलं.

"नाही, मला एक कळत नाही," रोसेर म्हणाला. "आल्फी, तूच सांग. तू का सही केली नाहीस शेवटपर्यंत? तुला तर विजेचं करायचं होतं."

सगळे आल्फीकडे बघायला लागले. तेरेझही. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, हा प्रश्न तिनं घरी कितीदा तरी विचारलेला आहे. आल्फीनं चमचा खाली ठेवला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर, आणि मला वाटलं, आता हा माणूस बोलणार.

"वीस तारखेला सकाळी गेलो होतो मी," तो म्हणाला. "सही करायलाच. पण आदल्या दिवशी सगळ्यांची झुंबड उडाली ना. विजेचा कागद भरला होता."

तेरेझनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चव्वेचाळीस वर्षं काम केलं त्यानं, लिझेट," ती म्हणाली. "एक दिवस थांबली असतीस."

रागानं माझे कान तापले. एक वाक्य, फक्त एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि ते बोलले असते तर तेवीसच्या तेवीस जणांना कळलं असतं, कुणी कुणाला वाचवलं. आल्फी ताटाकडे बघत होता. त्याची मान पार लाल झाली होती. तो वाट बघत होता.

"माझं चुकलं, आल्फी," मी म्हटलं. "मी थांबायला हवं होतं."

त्यानं मान हलवली, हळूहळू, रांगेतला पहिला माणूस हलवतो तशी. "असू दे," तो म्हणाला. "झालं गेलं. बस आता, जेवण गार होतंय."

एवढंच लागत होतं त्यांना. रोसेरनं मला ग्लास दिला. जिनेट सरकली. मी बसले तशी तिनं आपल्या ताटातला पावाचा तुकडा माझ्या ताटात ठेवला, न विचारता, मिलमध्ये ठेवायची तसा, आणि सुनेबद्दल कुरकुर करायला लागली. तीन महिन्यांत कुणी माझ्याशी इतकं बोललं नव्हतं. मी हूं हूं करत होते, मधेच हसतही होते. आल्फीनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तो यापुढे कधी बघणार नाही हेही मला कळलं, कारण मी दिसले की त्याला ते आठवणार. ज्याच्याशी मला हे सगळं बोलता आलं असतं असा जगात एकच माणूस होता, आणि तो तीन ताटं पलीकडे बसून मला चुकवत होता. मला माझी जागा परत मिळाली होती, आणि इतकं एकटं मला घरी ओट्यापाशीसुद्धा वाटलं नव्हतं.

"अजून घेतेस?" जिनेटनं विचारलं. मी ताट पुढे केलं.